डेटाबेस मायग्रेशन पहिल्यांदाच करताय? आधी हे वाचा, मग सर्व्हरला हात लावा

बेळगावात उद्यमबाग, टिळकवाडी, शहापूर इकडच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसांत नवीन लागलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. कॉलेजात डीबीएमएसला नॉर्मलायझेशन घोटून घेतात, ईआर डायग्राम काढून घेतात, पण लोकांचा डेटा आत असताना चालू टेबलात बदल कसा करायचा, म्हणजे मायग्रेशन कसं करायचं, हे कुणी सांगत नाही. आणि नोकरीला लागून महिना होत नाही तोवर सीनियर फोनवरनं म्हणतो, "अरे एकच कॉलम हाय, घे की टाकून."

त्यात आपल्या इकडच्या कामाची एक वेगळीच भानगड आहे. मोठ्या कंपनीत एक मोठा डेटाबेस असतो आणि त्याला सांभाळायला माणसं असतात. आपल्याकडे तेच सॉफ्टवेअर प्रत्येक क्लायंटच्या ऑफिसात, त्याच्या त्याच्या सर्व्हरवर बसवलेलं असतं, म्हणजे निपाणीत जुनं व्हर्जन, खानापुरात नवीन, आणि संकेश्वरात मधेच कुणीतरी जाऊन हाताने दोन कॉलम घालून आलेला, तो माणूस आता बेंगळूरला. त्यामुळे आपल्यासाठी मायग्रेशन म्हणजे नुसतं अल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी कमांड) मारणं नाही. कुठल्या सर्व्हरवर काय काय चाललंय हे कधीही, कुणालाही, न विचारता कळलं पाहिजे, खरं काम हे आहे.

उदाहरण सगळीकडे एकच घेतो, पतसंस्थेच्या पिग्मी (एजंट रोज फिरून गोळा करतो ती छोटी ठेव) सॉफ्टवेअरचं. खातेदार नावाचं टेबल, जमा नावाचं टेबल, ऑफिसात काउंटरवर एक प्रोग्रॅम आणि पिग्मी एजंटच्या मोबाईलवर एक अ‍ॅप. टेबलांची नावं मी इथं मराठीत लिहितोय, तुम्ही खऱ्या प्रोजेक्टात इंग्रजीच ठेवा.

हाताशी काय काय पाहिजे

- गिट. मायग्रेशनच्या फाईली कोडच्याच रिपॉझिटरीत, वेगळ्या पेनड्राइव्हवर नाही.
- एक मायग्रेशन टूल (पायरी १ बघा).
- प्रत्येक क्लायंटच्या डेटाबेसचं नक्की व्हर्जन. "मायएसक्यूएल आहे" एवढ्यावर भागत नाही, ५.७ आणि ८.० मध्ये लई फरक आहे.
- खऱ्या डेटाएवढी मोठी कॉपी, पण नावं, मोबाईल नंबर, आधार नंबर बदललेली. लोकांच्या ठेवींचा डेटा आपल्या लॅपटॉपवर तसाच घेऊन फिरायचा नाही.
- काल रात्रीचा बॅकअप, आणि तो रिस्टोअर होतो याचा पुरावा.
- हा डेटाबेस कोण कोण वाचतं याची यादी. काउंटरचा प्रोग्रॅम, मोबाईल अ‍ॅप, रात्रीचा रिपोर्ट, आणि मॅनेजर साहेबांची ती एक्सेल फाईल जी थेट डेटाबेसला जोडलेली असते. या एक्सेल फाईलीला सगळे विसरतात, आणि बदल झाल्यावर पहिला फोन तिच्यामुळंच येतो.

पायरी १: टूल निवडा आणि हात बांधून घ्या

फ्रेमवर्कमध्ये जे आहे तेच वापरा, उगाच नवीन शोधत बसू नका. जँगोमध्ये १.७ पासून म्हणजे २०१४ पासून आतच आहे, लाराव्हेल आणि रेल्समध्येही आहे. जावा असेल तर फ्लायवे किंवा लिक्विबेस, पायथॉनमध्ये एसक्यूएल-अल्केमी असेल तर अलेम्बिक, नोडवाल्यांसाठी कनेक्स किंवा प्रिझ्मा.

सगळ्यांची आतली पद्धत एकच. प्रत्येक बदलाची एक फाईल, आणि कुठल्या फाईली चालून झाल्या याची नोंद त्याच डेटाबेसमधल्या एका टेबलात. फ्लायवेचं ते टेबल फ्लायवे_स्कीमा_हिस्टरी, जँगोचं जँगो_मायग्रेशन्स, अलेम्बिकचं अलेम्बिक_व्हर्जन. टूल चालवलं की ते या टेबलात बघतं, काय राहिलंय ते काढतं आणि तेवढंच चालवतं. म्हणून या दिवसापासून पीजीअ‍ॅडमिन किंवा पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये जाऊन हाताने कॉलम घालणं बंद. "अर्जंट होतं" म्हणून पण नाही. हाताने घातलेला कॉलम या नोंदीत येत नाही, आणि पुढच्या वेळी टूल तोच कॉलम घालायला जातं तेव्हा "कॉलम आधीच आहे" म्हणून तिथंच आडवं पडतं.

डेटाबेस आधीच कितीतरी वर्षं चालू असेल तर? बहुतेकांचा असतोच. मग आधी नुसत्या स्कीमाचा (टेबलं-कॉलमांच्या रचनेचा, डेटा सोडून) डंप घ्या, पोस्टग्रेसमध्ये पीजी_डंपला स्कीमा-ओन्लीचा पर्याय आहे, मायएसक्यूएलच्या डंपला नो-डेटाचा. प्रत्येक क्लायंटचा असा डंप घेऊन एकमेकांशी डिफ मारून बघा, बघितल्यावर थोडा वेळ शांत बसावंसं वाटेल, चालतंय. फरक मिटवून सगळे एका पातळीवर आणा, तो डंप पहिली फाईल म्हणून ठेवा आणि जुन्या सर्व्हरांवर ती न चालवता "चाललेली आहे" असं टूलला सांगा. फ्लायवेमध्ये यासाठी बेसलाइन आहे, अलेम्बिकमध्ये स्टॅम्प, जँगोमध्ये फेक-इनिशियल.

पायरी २: फाईल लिहा, आणि टूलने लिहिली असेल तर वाचा

एका फाईलीत एकच बदल. नावावरून कळलं पाहिजे आत काय आहे, "फिक्स२", "नवीन_फायनल" असली नावं नकोत.

नंबरचा घोळ हमखास होतो. तुम्ही तुमच्या ब्रँचवर १३ नंबरची फाईल केली, शेजारच्यानं त्याच्या ब्रँचवर पण १३ नंबरची केली, दोन्ही मर्ज झाल्या. फ्लायवे सरळ एरर देतो की एकाच व्हर्जनच्या दोन फाईली आहेत. जँगो म्हणतो दोन टोकं झाली, मग मेकमायग्रेशन्सला मर्जचा पर्याय देऊन ती जोडावी लागतात. रेल्सवाल्यांनी याच कटकटीमुळं २.१ पासून साध्या नंबरऐवजी टाइमस्टॅम्प घेतला, तुमचं टूल करू देत असेल तर तुम्ही पण तेच करा.

आता या पायरीतला मोठा सापळा. कोडमधलं मॉडेल (टेबलाचं वर्णन) बघून फाईल आपोआप तयार करणारी टूलं आहेत, लई सोयीची आहेत, पण नाव बदललेलं त्यांना नीट कळत नाही. समजा खातेदार टेबलातल्या "मोबाईल" कॉलमचं नाव तुम्ही "मोबाईल_१" केलं. अलेम्बिक याला नाव बदललं असं समजत नाही, तो फाईलीत दोन ओळी लिहितो: मोबाईल_१ कॉलम घाला, मोबाईल कॉलम ड्रॉप करा. न वाचता चालवली की सगळ्या खातेदारांचे नंबर गेले, आणि टूल हिरव्या अक्षरात सांगतं सगळं व्यवस्थित झालं. जँगो निदान विचारतो, नाव बदललंय का म्हणून, पण घाईत तिथं एन (नाही) दाबणारे पण बघितलेत. तयार झालेल्या फाईलीत "ड्रॉप" शब्द शोधायचाच, सवयच लावून घ्या.

पायरी ३: एकदा चाललेल्या फाईलीला हात लावायचा नाही

फाईल तुमच्याच लॅपटॉपवर आहे तोवर काय पाहिजे ते करा, खोडा, परत लिहा. पण ती दुसऱ्या कुठल्याही मशीनवर चालली की विषय संपला. चुकलं असेल तर नवीन नंबरची नवीन फाईल. पतसंस्थेत काम करताय ना, खतावणीत खाडाखोड चालत नाही, उलट नोंद करावी लागते, तसंच हे.

फ्लायवे प्रत्येक फाईलीचा चेकसम (मजकुरावरून काढलेला आकडा, मजकूर बदलला की तोही बदलतो) ठेवतो, त्यामुळं जुनी फाईल बदलली की पुढच्या वेळी तो अडतो. मग लोक नेटवर शोधतात आणि "रिपेअर" कमांड मारतात. रिपेअरनं नोंदीतला चेकसम नवीन होतो, टेबलात काहीही बदलत नाही! म्हणजे निपाणीत जुन्या फाईलीप्रमाणं टेबल, नवीन क्लायंटकडं बदललेल्या फाईलीप्रमाणं, आणि नोंद दोन्हीकडं सारखीच. जँगोमध्ये तर चेकसमच नाही, फाईल बदलली तरी चूं होत नाही. तिथं लक्ष आपल्यालाच ठेवायला पाहिजे.

पायरी ४: जुना कोड आणि नवीन कोड एकाच वेळी चालतो असं धरूनच चाला

इथं जरा जास्त वेळ थांबूया, कारण नवीन माणूस इथंच अडकतो.

संस्थेला पासबुक मराठीत पण पाहिजे आणि कन्नडमध्ये पण. टेबलात "नाव" हा एकच कॉलम, इंग्रजीत भरलेला. मनात पहिलं येतं ते म्हणजे "नाव" काढून टाकायचा आणि नाव_मराठी, नाव_कन्नड, नाव_इंग्रजी असे तीन घालायचे, एका फटक्यात. काउंटरचा प्रोग्रॅम तुम्ही त्याच रात्री बदलाल, पण पिग्मी एजंटच्या मोबाईलचं काय? मामा सकाळी बाजारात फिरून पैसे गोळा करतात, नेट असेल तेव्हा सिंक करतात, आणि अ‍ॅप अपडेट करा म्हणून सांगितलं की "बघूया की" म्हणतात. त्यांचं जुनं अ‍ॅप सर्व्हरकडं "नाव" मागत राहणार आणि ते मिळालं नाही की जमा झालेली पावती अडकणार.

म्हणून हे तुकड्यांत करायचं:

पहिल्या फाईलीत नुसते नवीन कॉलम घाला, रिकामे चालतील असे. जुन्या कोडला याचा पत्ता पण लागत नाही. मग कोड असा बदला की नवीन माहिती जुन्या कॉलममध्ये पण लिहायची आणि नवीन कॉलममध्ये पण. हे सगळीकडं गेल्यावर मागचा डेटा भरून घ्या, इंग्रजी नाव कॉपी करा, मराठी-कन्नड नावं संस्थेच्या क्लार्ककडून भरून घ्या (लिप्यंतराच्या प्रोग्रॅमवर विसंबू नका, पाटील ठीक येतं पण बाकीची आडनावं बघून खातेदार काउंटरवर येऊन भांडतात). मग वाचणं नवीन कॉलमवर न्या. आणि जुनं अ‍ॅप वापरणारा एकही उरला नाही याची खात्री झाल्यावर, कदाचित दोन-तीन महिन्यांनी, "नाव" ड्रॉप करा.

एक बारीक सापळा. नवीन कॉलम नॉट-नल केला आणि डेटाबेसमध्ये डीफॉल्ट नसेल तर जुन्या कोडचं प्रत्येक इन्सर्ट फेल जातं, कारण त्याला तो कॉलमच माहीत नाही. जँगोवाल्यांनी इथं विशेष लक्ष द्या. मॉडेलमध्ये डीफॉल्ट लिहिलं म्हणजे डेटाबेसमध्ये ते राहतं असं नाही, कॉलम घालताना जँगो ते वापरतो आणि मग काढून टाकतो. डेटाबेसमध्येच राहणारं डीफॉल्ट, डीबी_डीफॉल्ट, हे ५.० पासून आलंय.

पायरी ५: लॉकचं गणित समजून घ्या

तुमच्या लॅपटॉपवर दोनशे ओळींच्या टेबलात सगळंच एका सेकंदात होतं. जमा टेबलात रोजच्या पिग्मीच्या नोंदी वर्षानुवर्षं साठलेल्या असतात, तिथं तसं होत नाही.

पोस्टग्रेसमध्ये अल्टर टेबलचे बहुतेक प्रकार त्या टेबलावर सगळ्यात कडक लॉक घेतात, साधं सिलेक्ट पण थांबतं. कॉलम घालणं तसं क्षणाचं काम. पण त्याच वेळी मॅनेजरनं वर्षाचा रिपोर्ट लावलेला असेल तर तुमचा अल्टर त्याच्यामागं थांबतो, आणि तुमच्या अल्टरच्या मागं काउंटरची प्रत्येक क्वेरी थांबते. बाहेरून बघणाऱ्याला सर्व्हर बंद पडलाय असंच वाटतं. उपाय सोपा आहे, फाईलीच्या सुरुवातीला लॉक_टाइमआउट पाच सेकंद वगैरे लावा, लॉक मिळाला नाही तर अल्टर स्वतःच माघार घेतो आणि तुम्ही थोड्या वेळानं परत चालवायचं. कोण कोणाला अडवून बसलंय ते पीजी_ब्लॉकिंग_पिड्स फंक्शन वापरून पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये दिसतं.

पोस्टग्रेसच्या बाकीच्या गोष्टी भरभर सांगतो. व्हर्जन ११ पासून ठरावीक डीफॉल्ट असलेला कॉलम घातला तर पूर्ण टेबल परत लिहिलं जात नाही, त्याआधीच्या व्हर्जनमध्ये लिहिलं जातं. इंडेक्स करताना कॉन्करंटली लावा, म्हणजे लिहिणं थांबत नाही, पण ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून त्या फाईलीपुरतं टूलचं ट्रान्झॅक्शन बंद करावं लागतं. आणि ते मधेच फेल गेलं तर इन्व्हॅलिड इंडेक्स मागं पडून राहतो, तो ड्रॉप करून मगच परत करायचा. भरलेल्या कॉलमला नॉट-नल करायचं असेल तर आधी चेक कन्स्ट्रेंट नॉट-व्हॅलिड म्हणून (जुन्या ओळी लगेच न तपासता) घाला, मग व्हॅलिडेट करा, मग नॉट-नल. व्हर्जन १२ पासून शेवटच्या टप्प्याला टेबल परत तपासलं जात नाही.

मायएसक्यूएलवाले, तुमच्याकडं वेगळीच अडचण. पोस्टग्रेसमध्ये फाईल मधेच फेल गेली तर बहुतेक सगळं मागं जातं, मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक अल्टर टेबलला आपोआप कमिट होतो. एका फाईलीत चार अल्टर असतील आणि तिसरा फेल गेला, तर पहिले दोन झालेले राहतात, नोंदीत फाईल अर्धवट, आणि परत चालवली तर पहिल्याच ओळीला एरर. म्हणून एका फाईलीत एकच अल्टर. ८.० मध्ये कॉलम घालणं इन्स्टंट होतं, ५.७ मध्ये पूर्ण टेबल परत बांधलं जातं. ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलाय, तरी आपल्या इकडं कितीतरी ठिकाणी तोच चाललाय, कुणाला सांगायचं. टेबल खरंच अवाढव्य असेल तर पर्कोनाचं ऑनलाइन-स्कीमा-चेंज किंवा गिटहबचं घोस्ट ही टूलं बघा, पतसंस्थेच्या साइजला सहसा लागत नाही.

पायरी ६: डेटा बदलायचा असेल तर तो वेगळा

स्कीमा बदलणारी फाईल वेगळी, डेटा बदलणारी वेगळी, एकत्र करू नका.

आपल्या गावाचंच घ्या. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. जुन्या डेटाबेसमध्ये गावाच्या कॉलममध्ये बेलगाम, बेळगाव, बेळगावी, बेलगावी, इंग्रजीत कॅपिटलमध्ये, स्मॉलमध्ये, शेवटी स्पेस दिलेलं, सगळं सापडतं. नवीन माणूस काय करतो, रिप्लेस फंक्शननं पूर्ण पत्त्याच्या कॉलममध्ये जुनं नाव काढून नवीन टाकतो. झालं! पत्त्यात एखाद्या दुकानाचं, संस्थेचं रजिस्टर्ड नाव असतं त्यात पण ते बदललं, आणि आता ते कागदपत्रांशी जुळत नाही. बरोबर पद्धत अशी की गावांचं वेगळं टेबल करा, त्यात कोड आणि तिन्ही भाषांतली नावं, खातेदाराला फक्त कोड जोडा, आणि त्यानं मुळात लिहून दिलेला पत्ता आहे तसा ठेवा. तालुक्याला पण तेच. निपाणी आधी चिकोडी तालुक्यात होती, आता स्वतःच तालुका आहे. ही नावं ज्यांनी ईनम टाइपमध्ये (ठरावीक नावांचीच यादी असलेल्या कॉलममध्ये) कोंबली त्यांना प्रत्येक वेळी मायग्रेशन लिहावं लागलं, टेबल असतं तर एक ओळ घालून भागलं असतं.

मोठं टेबल भरताना एका अपडेटमध्ये सगळं नको. आयडीप्रमाणं पाच-पाच हजारांचे तुकडे करा, प्रत्येकानंतर कमिट, आणि "नवीन कॉलम रिकामा असेल तरच" अशी अट घाला, म्हणजे मधेच थांबलं तरी परत तिथूनच चालू होतं.

मराठी-कन्नडवाल्यांसाठी खास सापळा कॅरॅक्टर सेटचा. मायएसक्यूएलचा जुना यूटीएफ८ एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो, देवनागरी आणि कन्नड दोन्ही त्यात बसतात, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि एक दिवस कुणीतरी रिमार्कमध्ये इमोजी टाकतो आणि एरर येते. यूटीएफ८एमबी४ वर जा. पण कॉलम लॅटिन१ असेल आणि त्यात मराठीचे बाइट तसेच कोंबलेले असतील तर सरळ कन्व्हर्ट मारू नका, अक्षरं दोनदा एन्कोड होऊन अगम्य होतात. आधी कॉलम बायनरी प्रकारात न्यायचा, मग यूटीएफ८एमबी४ मध्ये. आणि श्रीलिपी किंवा जुन्या नुडीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला डेटा असेल तर कॅरॅक्टर सेट बदलून काही होत नाही, तो युनिकोडच नाही, त्याला वेगळा कन्व्हर्टर लागतो आणि नंतर माणसानं डोळ्यांनी तपासावं लागतं.

पायरी ७: रंगीत तालीम

रिस्टोअर केलेल्या कॉपीवर सगळ्या फाईली चालवा आणि घड्याळ लावा. लॅपटॉपवरच्या एसएसडीवर नाही, शक्यतो क्लायंटकडं आहे तसल्याच जुन्या मशीनवर. रिस्टोअरला किती वेळ लागतो तेही लिहून ठेवा, गडबड झाली तर क्लायंटचा पहिला प्रश्न तोच असतो.

डाउन मायग्रेशनवर (बदल उलटा फिरवणाऱ्या भागावर) फार भिस्त ठेवू नका. ड्रॉप केलेला कॉलम डाउन चालवून परत येतो, पण रिकामा.

पायरी ८: प्रत्यक्ष दिवशी

वेळ क्लायंटला विचारून ठरवा. एजंट भरणा करायला येतात ती वेळ नको, महिनाअखेर नको, मार्चएंडचं तर नावच काढू नका. १ नोव्हेंबरला पण नको, एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं काळा दिवस, काही अडलं तर शहरात इकडनं तिकडं जायची पंचाईत.

लाइटचा भरवसा नाही, म्हणून यूपीएस किती वेळ टिकतो ते आधी बघा. लांबून एसएसएचनं करत असाल तर टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये चालवा, म्हणजे तुमचं नेट गेलं तरी तिकडचं काम मरत नाही. लिक्विबेस मधेच मेला तर त्याच्या लॉकच्या टेबलात नोंद अडकून राहते आणि पुढच्या वेळी तो नुसता वाट बघत बसतो. दुसरं कुणी खरंच चालवत नाही ना एवढं बघून रिलीज-लॉक्स कमांड द्या.

क्रम असा: बॅकअप, रात्रीचे आपोआप चालणारे रिपोर्ट बंद, मायग्रेशन, मग नवीन कोड. एक खातं उघडून एक रुपयाची जमा आणि तिची रद्द नोंद करून बघा, एका एजंटच्या मोबाईलवरनं सिंक करून बघा, आणि ती एक्सेल फाईल उघडून बघा.

पायरी ९: नोंद, आणि राहिलेलं ड्रॉप

प्रत्येक क्लायंटच्या नोंदीच्या टेबलातला शेवटचा नंबर एका शीटमध्ये ठेवा, शक्य असेल तर स्क्रिप्टनं आपोआप येऊ दे. मधून मधून स्कीमाचा डंप घेऊन डिफ मारा, हाताने घातलेला कॉलम तिथंच सापडतो.

पायरी ४ मधला जुना "नाव" कॉलम अजून पडून आहे हे विसरू नका. अ‍ॅपनं प्रत्येक सिंकला आपलं व्हर्जन पाठवलं पाहिजे आणि सर्व्हरनं ते लिहून ठेवलं पाहिजे, म्हणजे जुनं अ‍ॅप वापरणारे कोण उरलेत ते नावानिशी कळतं. त्यांना ऑफिसात बोलवून अ‍ॅप अपडेट करून द्या, फोनवर सांगून होत नाही. मग कोडमध्ये, रिपोर्टमध्ये, एक्सेलमध्ये तो कॉलम कुठं शिल्लक आहे का शोधा, कुठंच नसेल तर ड्रॉपची फाईल लिहा. नवीन नंबर, नवीन फाईल, आणि बॅकअपपासून सगळं परत.